मिरर मारलेली कॉलनी

सासू : आणि मी त्यांच्या सोफ्यावर झोपले नव्हते. टेकले होते. झोपणं वेगळं, टेकणं वेगळं.

सून : आई, त्यांनी तुमच्या अंगावर चादर घातली होती.

सासू : चांगली माणसं आहेत. आपल्या घरी मी जरा टेकले की तुझा नवरा पंखा बंद करून जातो.

सून : तुमचा मुलगा आहे तो.

सासू : पंखा बंद करतो तेव्हा तुझा नवरा. हे बघ, त्या घरात शिरले त्यात माझी काय चूक? तेच फाटक, त्याच तीन पायऱ्या, तोच तपकिरी दरवाजा, तोही उघडाच. आत सोफासुद्धा भिंतीला लागून. मी पाणी प्यायले, भांडं विसळून पालथं घातलं. मग बाथरूममधून एक आजोबा टॉवेल गुंडाळून बाहेर आले. तेव्हा लक्षात आलं, आपल्याकडे आजोबा नाहीत.

सून : ते केवढे घाबरले असतील.

सासू : मी नाही घाबरले. सगळा जन्म वॉर्डात गेला माझा, टॉवेलातले आजोबा मला नवे नाहीत. म्हटलं, बसा, बीपी बघते तुमचं. मशीन पिशवीत असतंच.

सून : बघितलंत?

सासू : घाबरलेल्या माणसाचं काय बघायचंय. वाढलेलंच असणार.

सून : हे महिन्यातलं तिसरं घर, आई. पहिल्या घरात तुम्ही त्यांचे वाळलेले कपडे घड्या घालून ठेवले. दुसऱ्या घरात त्यांच्या मुलीला रागावलात, पाय खाली घे म्हणून. आता हे. तुमच्या मुलाने निर्णय घेतलाय आणि तो मला ऐकवून झालाय. सोमवारपासून तुम्ही एकट्या बाहेर पडायचं नाही. मनगटाला तो पट्टा बांधायचा, म्हणजे तुम्ही कुठे आहात ते त्याला ऑफिसात बसून दिसेल.

सासू : वॉर्डात आम्ही दोनच प्रकारच्या माणसांना मनगटाला पट्टा बांधायचो. नुकत्याच जन्मलेल्यांना आणि बेशुद्ध आलेल्यांना. मी कशात बसते ते त्याला विचार.

सून : विचारलं. भांडले मी त्याच्याशी. अबोला धरला, मग तो म्हणाला, ठीक आहे, एक संधी. म्हणून तर तुम्हाला इथे आणलंय.

सासू : मला वाटलं पाव घ्यायला आणलंयस.

सून : पावही घेतला. आता नीट ऐका. या दुकानापासून आपल्या घरापर्यंत तुम्ही मला न्यायचं. तुम्ही पुढे, मी मागे. मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही. एकदाही न चुकता पोचलो तर पट्टा परत जाणार. चुकलो तर सोमवारी बांधायचा, आणि तुम्ही कुरकुर करायची नाही.

सासू : कुरकुर करायची नाही ही अट कोणाची?

सून : माझी. ऐकावी मलाच लागते.

सासू : चल. पाव तू धर, माझे दोन्ही हात मोकळे हवेत.

(दोघी दुकानाच्या पायरीवरून उतरतात आणि कॉलनीच्या वाटेला लागतात.)

सासू : तर हा मोठा रस्ता. इथवर आंधळासुद्धा येईल. आता पहिली खूण टकलू. तो सकाळ-संध्याकाळ गॅलरीत उभा राहून फोनवर कोणाला तरी झापत असतो. टकलू दिसला की डावीकडे. मग जांभळा गाऊन वाळत घातलेला दिसतो. तिथून सरळ, म्हणजे तुझं ते सरळ, जे नागासारखं जातं. मग बाग, आणि बागेनंतर घर. का हसतेस?

सून : अवाक्षर काढायचं नाही ठरलंय.

सासू : काढ. हसण्यापेक्षा बरं.

सून : टकलू रजेवर गेला तर?

सासू : तर मी हरवते. मध्यंतरी त्याला ताप आला होता, बहुतेक तेव्हाच मी कपड्यांच्या घड्या घातल्या. आणि जांभळा गाऊन धुवायला कधी पडेल याचं काही वेळापत्रक नसतं. पण मी दुसरी खूण कशाची धरू? कॉलनी आखताना तू काही ठेवलंयस का? सगळ्या भिंती एका रंगाच्या, सगळी फाटकं एका मापाची, झाडंसुद्धा एकाच जातीची आणि एकाच वयाची. शाळेच्या कवायतीला उभी केल्यासारखी.

सून : ते नियमात आहे. नव्या वसाहतीत एकसारखेपणा हवा, नाहीतर एक जण हिरवा रंग देतो, दुसरा गुलाबी, तिसरा कुंपणावर सिंह बसवतो.

सासू : सिंह असता तर मी एकदाही चुकले नसते. सिंहाशी उजवीकडे, की झालं घर. आणि हे रस्ते असे वाकडे का? काढताना कोणी हाताला धक्का दिला होता का तुझ्या?

सून : वळणं मुद्दाम आहेत. रस्ता सरळ सोडला की गाड्या सुसाट जातात. समोरचं दिसत नसलं की माणूस आपोआप हळू चालवतो. चौकही म्हणून ठेवले नाहीत, नुसते तिठे. चौकात अपघात जास्त होतात. हे मी मनाने नाही केलेलं, सगळीकडे असंच करतात.

सासू : म्हणजे गाडीला पुढचं दिसू नये म्हणून माणसालाही दिसू द्यायचं नाही. हं. हा बघ टकलू. आज खाली येऊन झापतोय. चल, डावीकडे.

सून : (चालता चालता थबकते.)

सासू : काय झालं?

सून : काही नाही. तुम्ही चला.

सासू : तुझा चेहरा चेकअपचा रिपोर्ट आल्यासारखा झालाय.

सून : तुम्ही चला, आई.

सासू : हे काय? हा रस्ता संपलाच की. पुढे भिंत आहे.

सून : टकलू स्वतःच्या गॅलरीखाली उभा नव्हता. झापत झापत चालत आला होता. तुम्ही एक गल्ली आधी वळलात.

सासू : मग त्याला जागेवर उभं राहून झापायला काय होतं?

सून : एक चूक झाली.

सासू : थांब, आधी मला हे सांग. भिंतीपाशी हे एवढं मोठं गोल अंगण कशाला? इथे लग्न लागेल कोणाचं तरी.

सून : बंद गल्लीच्या टोकाला गाडी वळायला जागा लागते. आगीचा बंब आत आला तर त्याला उलटा काढत न्यायचा का? म्हणून त्याच्या मापाचं गोल.

सासू : बघ. बंब चुकून आत शिरला तर त्याला वळून परत जायला जागा ठेवलीस. त्याची चूक मोजायला मागे कोणी उभं नाही. त्याला पट्टा नाही. मी शिरले तर मात्र सोमवारपासून घरात बसा.

सून : मी हे नियम लिहिताना तुम्ही इथे राहायला याल असं वाटलं नव्हतं.

सासू : कोणीतरी माणूस राहायला येईल असं तरी वाटलं होतं का? चल मागे फिर. ते बघ, टकल्याची खरी गॅलरी ती. आणि जांभळा गाऊन आज आहे. देव आहे म्हणायचं. आता बाग येणार.

सून : आली.

सासू : मला दिसतेय. बागेला वळसा घालून पलीकडे, आणि मग डावीकडे.

सून : उजवीकडे.

सासू : अवाक्षर.

सून : सॉरी. पण आई, उजवीकडे. एक चूक आधीच झालीय, दुसरी नको. पट्टा तुम्हालाच नकोय ना? हे वळण मी काढलंय, माझ्या हाताने, तीन वेळा बदललं तेव्हा पास झालं. डोळे मिटून सांगेन. बागेनंतर उजवीकडे, दोन घरं सोडून आपलं.

सासू : मला डावीकडे वाटतं.

सून : तुम्हाला कशावरून वाटतं?

सासू : कशावरून नाही. पायांना वाटतं.

सून : पायांवर कसं जायचं, आई? या, या माझ्या मागे. झालं, आलोच. ही पहिली पायरी जपून. किल्ली कुठे गेली, हां. काय झालं याला? परवाच तेल घातलं होतं. आई, हे कुलूप बिघडलंय बहुतेक, जरा दार आत ढकलून धरा.

सासू : धरते.

सून : फिरतच नाहीये. आतून कडी लावलीय का कोणी? घरात तर कोणी नाही.

बाई : (आतून दार उघडून) कोण आहे? अगं बाई, सिस्टर. या, या. आज दोघी?

सून : तुम्ही आमच्या घरात?

बाई : आमच्याच घरात आहोत, वहिनी. बसून बोलूया का? सिस्टर, सासऱ्यांना खूप बरं वाटेल. परवापासून ते आधी कपडे घालतात आणि मगच बाथरूमचं दार उघडतात. म्हणतात, सिस्टर आल्या असल्या तर?

सासू : चांगली सवय लागली. ही माझी सून. कॉलनीचे रस्ते हिनेच काढलेत.

बाई : हो का? कित्ती छान. आम्हाला सापडत नाहीत अजून. परवाच आमचे हे समोरच्या रांगेत जाऊन स्वयंपाकघरात बायकोला हाक मारून आले. त्या बाईंनी ओ दिली, तेव्हा यांना कळलं. मी कधी देत नाही ना.

सून : आई, तुम्हाला माहीत होतं हे घर आपलं नाही?

सासू : फाटकातच कळलं. आपल्या पायरीला टवका गेलाय, हिला नाही.

सून : मग मी कुलपाशी झटापट करत होते तेव्हा बोलला का नाहीत?

सासू : परीक्षेत बोलायचं नसतं असं तूच ठरवलंयस. शिवाय दार ढकलून धर म्हणालीस, मी धरलं.

सून : हे आपलं घर नाही म्हणजे आपण पश्चिमेच्या बाजूला आहोत. अरे देवा. हो. बाग मधोमध, आपण पूर्वेला. मी हा अर्धा भाग काढला होता, पश्चिमेचा. सगळा माझ्या हाताने. मग मधे रेघ धरली आणि कॉम्प्युटरवर मिरर मारला. म्हणजे आरशात दिसतो तसा उलटा, तोच नकाशा पलीकडे. सगळेच असं करतात, वेळ वाचतो. त्यामुळे इथे जे उजवं, ते आपल्याकडे डावं. माझ्या हाताला हा अर्धा माहीत आहे. आपण राहतो तो कॉम्प्युटरने काढलेला.

सासू : घर घेताना तरी स्वतः काढलेल्या भागात घ्यायचं.

बाई : वहिनी, पण दारावर नंबर असतो की. तो नाही का बघितलात?

सून : नंबर कुंपणाच्या भिंतीवर असतो. ठरलेल्या उंचीवर.

बाई : कुठे आहे? मला तर इतक्या दिवसांत दिसला नाही.

सून : झाडाच्या मागे. झाडं लावायची उंचीही ठरलेली आहे. ती उद्यान खात्याने ठरवली, नंबराची आमच्या खात्याने. एकच आली.

सासू : दोन्ही खाती एकमेकांशी बोलत नाहीत का?

सून : बोलतात. पत्राने.

बाई : मग मोबाईलवर बघा ना, घरी कसं जायचं ते.

सून : बघते. थांबा. हे काय, हे मला माळावर दाखवतंय. नुसता मोकळा माळ. कॉलनी अजून नकाशावर चढवलेलीच नाही त्यांनी. आपण या निळ्या ठिपक्यावर आहोत आणि आजूबाजूला काही नाही.

सासू : म्हणजे सोमवारी माझा मुलगा ऑफिसात बसून बघणार की आई माळावर चरतेय. उत्तम. निघूया.

बाई : चहा तरी घ्या. सिस्टर, आणि ते मशीन झालं का दुरुस्त? त्या दिवशी तुम्ही सासऱ्यांच्या दंडाला पट्टा बांधलात आणि म्हणालात बिघडलंय. मग लगेच तुमचा डोळा लागला. मी म्हटलं, दमल्या असतील, म्हणून चादर घातली.

सासू : झालं. झालं दुरुस्त. येते मी पुन्हा. आजोबांना म्हणावं, मीठ कमी.

सून : येतो. माफ करा हं, कुलपाला ओरखडा पडला असेल तर.

बाई : असू दे हो. पुढच्या वेळी बेल वाजवा.

सून : आई, हळू. एवढ्या भरभर कुठे निघालात? बाग ही राहिली.

सासू : डावीकडे जायचं ना.

सून : हो. तुम्ही म्हणत होतात तेच. आई, मशीन कधी बिघडलं होतं? मागच्या आठवड्यात तर तुम्ही माझं बघितलंत.

सासू : बिघडलं नव्हतं.

सून : मग?

सासू : पट्टा बांधला, हवा भरायचा फुगा हातात घेतला, आणि पुढे काय करायचं ते आलंच नाही. डोक्यात नाही आलं, हातात नाही आलं. झोपेतून उठवून सांगितलं असतं तरी मी ते केलं असतं, इतक्या वेळा केलंय. आणि फुगा धरून नुसती बसले. म्हातारा बिचारा दंड पुढे करून माझ्याकडे बघतोय. मग म्हटलं मशीन बिघडलंय, आणि सोफ्यावर डोळे मिटून पडले. कोणी काही विचारू नये म्हणून. झोप कसली लागते.

सून : मग परत आलं कधी?

सासू : घरी. संडासात. तिथेच बसून सगळं म्हणून काढलं. पट्टा, फुगा, नळी कानात, हवा सोडायची, पहिला ठोका, शेवटचा ठोका. दोनदा म्हटलं. तुझा नवरा बाहेरून विचारत होता, कोणाशी बोलतेस.

सून : मला का नाही सांगितलंत?

सासू : तुला सांगितलं की त्याला कळणार. त्याला कळलं की नुसता पट्टा नाही, एक बाई येऊन बसणार माझ्यासमोर दिवसभर. मी अशा बायका पाहिल्यात. त्या विणकाम करतात. मला भीती वाटते गं. वॉर्डात असेच यायचे लोक, हसत हसत, घरच्यांवर ढकलत. ह्यांनी सामान हलवलं, ह्यांनी रस्ता बदलला. त्यातल्या निम्म्यांचं खरंच काही नसायचं, नुसती झोप नसायची झालेली. आणि उरलेल्यांचं असायचं. दाराशी आल्याबरोबर कोण कशातलं ते मी सांगायचे, डॉक्टरांच्या आधी. माझं मलाच सांगता येत नाहीये.

सून : रस्त्यांचं मी तुम्हाला लिहून देते. ती चूक माझी आहे. तीन चुकलेली घरंसुद्धा माझीच.

सासू : तीही माझी धर. उगाच मोठेपणा नको.

सून : फुग्याचं मात्र मला कळत नाही. आणि मलाही भीती वाटतेय, आई. आता तुम्ही सांगितल्यावर जास्त.

सासू : मग बरं झालं सांगितलं. मला एकटीलाच वाटत होती.

सून : त्याचा फोन येतोय.

सासू : काय सांगायचं ते सांग. मी ऐकत नाहीये.

सून : हॅलो. हो, पोचतोच आहोत. चुकलो. दोनदा. अरे, ऐकून तर घे. दोन्ही वेळा मी चुकले. हो, मीच. एकदा बंद गल्लीत शिरले आणि एकदा दुसऱ्यांच्या दाराला किल्ली लावली. हस, हस मनसोक्त. आई गप्प बसल्या होत्या, मी मधे मधे बोलले. तो पट्टा परत पाठव. त्यात आपली कॉलनी माळ दिसते, तुला तुझी आई गवतात दिसेल. आणि गुरुवारी मी अर्धी रजा टाकतेय. आईंना डॉक्टरकडे न्यायचंय. नाही, पडल्याबिडल्या नाहीत. का म्हणजे, मला वाटतंय म्हणून. घरी आल्यावर बोलू, सगळं सांगते. त्याच सांगतील. ठेवते.

सासू : बंद गल्लीत तू नव्हती शिरलीस.

सून : मागोमाग आले होते ना. शिरलेच की.

सासू : खोटं बोलतेस आणि वर हिशेब जुळवतेस.

सून : सरकारी नोकरी आहे.

सासू : त्याला फुग्याचं सगळं मी सांगू?

सून : तुम्ही सांगा. नाहीतर मी चुकीचं सांगेन, मला ते मशीन येत नाही.

सासू : सांगते. आधी पाव खाऊ दे त्याला. आणि गुरुवारी तू बाहेर बाकावर बसून राहू नकोस. आत ये माझ्याबरोबर.

सून : येईन.

सासू : डॉक्टर काहीतरी विचारेल. आजचा वार, मागून पुढून आकडे, तीन शब्द लक्षात ठेवा, असलं काहीतरी. मला पटकन आलं नाही तर तू सांगून टाकायचं नाहीस. मघाशी उजवीकडे म्हणालीस तसं.

सून : नाही सांगणार.

सासू : नुसती शेजारी बस. थोडा वेळ लागला तर लागू दे मला.